डोकेदुखीचं रजिस्टर

पत्र आलं तेव्हा तांबीबाई खिडकीत बसून कागदी पाकिटं चिकटवत होत्या. पत्राचा कागद जाड, वर उठावाचा शिक्का, आणि आत मजकूर जेमतेम तीन ओळींचा. सरकारला कुणाच्या तोंडचा घास काढायचा असला की कागद हमखास भारीतला वापरतात. ‘खोली क्रमांक पाच येथे गेल्या नऊ वर्षांत संततिनियमनाच्या साधनांची मागणी शून्य असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर खोलीचे अनुदान व पुरवठा वर्षअखेरीस बंद करण्यात येईल. तत्पूर्वी तपासनीस समक्ष भेट देतील.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. रांगेत चौदा बायका होत्या आणि चौदाही जणींचं डोकं दुखत होतं.

“शून्य म्हणे! डोळे फुटले का यांचे?” बाई पुटपुटल्या.

डोळे कुणाचे फुटले नव्हते. ते शून्य बाईंनीच लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, नऊ वर्षं, दर महिन्याला. का लिहिलं ते कळायला त्यांची सगळी नोकरीच सांगावी लागेल, आणि ती काही पत्रासारखी तीन ओळींत मावायची नाही.

बाई नर्स म्हणून लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्या वेळी सरकारला लोकसंख्येची अशी धडकी भरली होती की पैसा नुसता ओतला जात होता. पाच नंबरच्या खोलीला दोन पंखे, थंड पाण्याचं यंत्र, नवं कोरं कपाट, दारात जीप. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे बायका. त्या काही केल्या येईनात. मग वरून हुकूम सुटला, दरमहा चाळीस केसेस झाल्याच पाहिजेत, आणि तांबी बसवून घेणाऱ्या प्रत्येकीला एक बादली बक्षीस. पिवळी, प्लास्टिकची, झाकणासकट. बादलीची बातमी फुटली आणि बायका आल्या. एक बाई तर तीन दवाखान्यांतून तीन बादल्या घेऊन चौथीसाठी आमच्या बाईंकडे पोचली. बाईंनी तिला हात जोडले. म्हणाल्या, “अगं, पोटात काय दुकान मांडायचंय का तुला?” बाईंना तांबीबाई हे नाव पडलं ते त्या काळात, आणि ते असं घट्ट बसलं की पगाराच्या यादीत खरं नाव वाचून नवीन कारकून विचारायचे, ह्या कोण नवीन?

बादल्यांनीही चाळीसचा आकडा गाठला जाईना, तेव्हा जीप फिरायला लागली. शाळामास्तरांना, पोस्टमनला, करवसुलीच्या माणसांना, सगळ्यांना केसेस आणायचं बंधन. एका सकाळी जीपमधून अकरा बायका उतरवल्या. त्यातली एक बाईंना हळूच विचारत होती, “रेशन इथंच मिळतं ना?” बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. तिला त्यांनी मागच्या दाराने घरी धाडलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. त्या महिन्यात एकोणचाळीस केसेस भरल्या, आणि एका केसने बाईंची पगारवाढ हुकली.

बाईंचा नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या, मोटारींचे नंबर, जे मिळेल ते रंगवणारा. दवाखान्याची रस्त्याकडची लांबच लांब भिंत त्याच्या वाट्याला आली होती. त्या भिंतीवर त्याने पहिल्यांदा लिहिलं, ‘दोन झाली, पुरे झाली’, आणि शेजारी गोबऱ्या गालांची दोन मुलं काढली. मुलं हुबेहूब पेंटरसारखी दिसायची. बाईंना एकच मुलगी, ती पुढे लग्न होऊन लांब गेली, त्यामुळे पेंटर म्हणायचा, आपलं दुसरं मूल भिंतीवर आहे.

मग सरकार गडगडलं. जीपने भलत्यासलत्या माणसांना धरून नेल्याच्या भानगडी बाहेर आल्या, लोक चिडले, आणि नवीन सरकार त्याच रागावर निवडून आलं. झालं! जीप गेली, पाण्याचं यंत्र गेलं, दोनांतला एक पंखा गेला, आणि अनुदान असं आटलं की कापूससुद्धा मोजून यायला लागला. परिपत्रक निघालं की ‘कुटुंब’ आणि ‘नियोजन’ हे दोन शब्द कुठल्याही कागदावर शेजारी शेजारी येऊ नयेत. खोलीचं नाव ‘सुखी संसार कक्ष’ झालं. भिंतीला चुना फासला. पेंटरला वरून निरोप आला, चित्र आनंदी काढा पण मुलांची संख्या मोघम ठेवा. पेंटर मोठा हुशार. त्याने एक झुडूप काढलं आणि त्यामागून डोकी डोकावताना दाखवली. ज्याला मोजायची त्याने मोजावी. “धोरण बदललं की आपल्या चहात साखर वाढते,” असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं, कारण भिंतीचे पैसे त्याला दरवेळी वेगळे मिळायचे.

आणि आता गंमत बघा. जीप नाही, बादली नाही, सक्ती नाही, तर बायका आपल्या पायांनी यायला लागल्या! दुपारी घरं झोपली की एकेक करून, चपला हातात घेऊन. “बाई, आता बास झालं हो, काहीतरी द्या.” बाई कपाट उघडून दाखवायच्या. आत एक कैची आणि जुन्या बादल्यांची झाकणं. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे देवाच्या बाबतीत म्हणतात. पण देव निदान परिपत्रक काढत नाही.

दहा-बारा वर्षं अशीच रखडत गेल्यावर परदेशी संस्था आली. तिच्याकडे पैसा उदंड, पण प्रशिक्षणं घ्यायची अट. बाईंनी चार वर्षांत एकवीस प्रशिक्षणं घेतली. त्यातल्या एकात तर ‘स्त्रियांशी कसे बोलावे’ हे एका पुरुषाने तीन दिवस शिकवलं, आणि तीन दिवसांत समोरच्या चाळीस नर्सांपैकी एकीलाही बोलू दिलं नाही. असो. खाल्ल्या मिठाला जागून सांगायचं तर कपाट त्या काळात भरलेलं असायचं. गोळ्या यायच्या, तांब्या यायच्या, इंजेक्शनं यायची. बाईंना पहिल्यांदाच नोकरी आवडायला लागली, आणि नोकरी आवडायला लागली की समजावं, काहीतरी बिनसणार. त्या लांबच्या देशात निवडणूक झाली, तिकडच्या एका माणसाने एका सकाळी एका कागदावर सही केली, आणि इकडे पाच नंबरच्या खोलीतलं कपाट रिकामं झालं. त्या माणसाला ही खोली नकाशावर दाखव म्हटलं असतं तर बोट समुद्रात ठेवलं असतं त्याने.

सरकारी यादीतून गोळ्या यायला लागेपर्यंत कपाट सात महिने रिकामं होतं. त्याचा हिशेब पुढच्या वर्षी शेजारच्या बाळंतिणींच्या खोलीत लागला. एकेका खाटेवर दोघी दोघी. त्यातच बाजाराच्या वळणावरची इस्त्रीवाली होती, चौथ्या खेपेची. रक्त थांबेना. बाईंनी दोन तास तिचं पोट दाबून धरलं होतं. नंतर त्यांचे हात आठवडाभर उचलत नव्हते. इस्त्रीवाली वाचली. डॉक्टरांनी बजावलं, “पाचवं राहिलं तर बाई हाती लागणार नाही.” हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं. नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने मान डोलावली, घरी गेला आणि विसरला. विसरायला त्याला वेळ लागला नाही, पोट त्याचं नव्हतं.

त्यानंतर आलं ते हे आत्ताचं सरकार. याला शोध लागला की देशात माणसं कमी पडतात! तरुण घटले, पाळणे हलेनात, देशाचं कसं होणार. तिसऱ्या मुलाला भत्ता, चौथ्याला मानपत्र, आणि हॉस्पिटलात जन्मलेल्या प्रत्येक तिसऱ्या बाळाच्या आईला भेट म्हणून काय, तर बादली. पिवळी, झाकण नसलेली. कोठारात पंचवीसएक वर्षं पडून होत्या त्याच. भिंतीवर पेंटरने लिहिलं, ‘तिसरं मूल, देशाचं फूल’, आणि झुडूप पुसून रांगेने अशी काही मुलं काढली की शेवटचं पार गटाराच्या झाकणापर्यंत पोचलं. बाई त्याच्यावर उखडल्या. “अहो, लाज नाही वाटत?” पेंटर म्हणाला, “वाटते की. म्हणून तर अक्षर जरा वाकडं काढलंय.”

पाच नंबरच्या खोलीला मात्र दर तीन महिन्यांनी गोळ्यांचं एक खोकं येत राहिलं. कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. एका जुन्या यादीत एक ओळ खोडायची राहून गेली होती, इतकंच. सरकारचा विसरभोळेपणा हा गरिबाला मोठा आधार असतो. बाई त्या ओळीबद्दल कुठे अवाक्षर काढत नव्हत्या.

पण गोळी मागायची कशी? खिडकी व्हरांड्यात उघडते, व्हरांड्यात रांग, रांगेत कुणाची सासू, कुणाचा दीर, कुणाची चोंबडी शेजारीण. खिडकीत रजिस्टर, त्यात रकाने: नाव, नवऱ्याचं नाव, तक्रार. इस्त्रीवाली पहिल्यांदा आली तेव्हा मागे तिची सासू उभी होती. त्या म्हातारीला सगळी आळी हवालदारीण म्हणायची. सत्तरीच्या घरात, कान अर्धे गेलेले, पण नजर अशी की सुनेने दुधावरची साय चाटली तरी पंचनामा व्हावा. बाईंनी विचारलं, “काय होतंय?” इस्त्रीवालीने एकदा मागे पाहिलं, मग बाईंच्या पाठीमागच्या कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “डोकं दुखतंय. महिन्याचं.”

बाईंना कळलं. त्यांनी तक्रारीच्या रकान्यात लिहिलं ‘डोकेदुखी’, गोळ्यांचं वेष्टण काढलं, साध्या पाकिटात घातल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “रोज एक. चुकवू नकोस, नाहीतर नऊ महिने दुखेल.”

महिनाभरात गावातल्या बायकांची डोकी अशी काही दुखायला लागली की विचारू नका. ‘बारीक डोकं’ म्हणजे खरोखरचं, आणि ‘महिन्याचं डोकं’ म्हणजे ते. एकदाच घोटाळा झाला. बाई रजेवर होत्या, आणि टपालकचेरीतला कारकून खरंखुरं डोकं धरून आला. कंपाउंडरने विचारलं, किती दिवस दुखतंय? तो म्हणाला, झाला एक महिना. कंपाउंडरने पाकीट दिलं. आठ दिवसांनी कारकून पुन्हा हजर. “बाई, डोकं थांबलं, पण मन फार हळवं झालंय हो. पाकिटावर पत्ता लिहिताना डोळे भरून येतात.” बाईंनी उरलेल्या गोळ्या काढून घेतल्या आणि त्याला चहा पाजला.

आणि राजधानीत काय झालं म्हणता? तिथे आकडे पोचले. संततिनियमन, मागणी शून्य. डोकेदुखी, वर्षाला हजारावर. तज्ज्ञ आले, विहिरीचं पाणी तपासलं, गिरणीचा आवाज मोजला, आणि ‘डोकेदुखी निवारण अभियान’ मंजूर झालं. अनुदान पाच नंबरच्या खोलीच्या तिप्पट! खरोखरच्या डोकेदुखीच्या गोळ्यांची आठ खोकी आली, ती ठेवायला जागा नव्हती म्हणून बाईंनी त्यावर बसायला सुरुवात केली. पेंटरने भिंतीवर लिहिलं, ‘डोकं शांत, तर देश निवांत’. बाई त्या रात्री पोट धरधरून हसल्या होत्या. आता हातात पत्र घेऊन बसल्यावर हसू येईना. कारण अभियानाच्या फाइलसाठी कुणीतरी जुन्या याद्या चाळल्या होत्या, आणि ती खोडायची राहिलेली ओळ सापडली होती.

तपासनीस आला तो जाड चष्म्याचा, चाळिशीचा, स्वतःचा डबा आणि स्वतःचं पेन घेऊन फिरणारा माणूस. त्याने नऊ वर्षांची रजिस्टरं टेबलावर रचली आणि बाईंना समोर बसवलं.

“खोकी आली छत्तीस. मागणी शून्य. शिल्लकही शून्य. बाई, गोळ्या गेल्या कुठे?”

“डोक्यांत,” बाई म्हणाल्या.

“याला अपहार म्हणतात.”

“याला सासू म्हणतात, साहेब.” आणि मग बाईंनी सगळं सांगितलं. नऊ वर्षं दाबून धरलेलं, भडाभडा. इस्त्रीवालीचं रक्त, सात महिन्यांचं रिकामं कपाट, बादल्या, सगळं. शेवटी म्हणाल्या, “मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. माझं काही जात नाही. पण हे खोकं बंद झालं तर त्यातल्या निम्म्याजणी वर्षभरात शेजारच्या खोलीत असतील, आणि एक तर नक्की तिथून घरी जायची नाही. तिचं वय अजून सदतीस आहे.”

तपासनीसाने चष्मा पुसला. माणूस दगड नव्हता. पण दगडाला निदान नियमावली नसते. “मला पटतंय. पण कागदाला पटायला हवं. नमुना ‘ज’ आहे. ‘मी स्वेच्छेने मागणी करते.’ नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, मुलांची संख्या, सही. पंधरा दिवसांत पन्नास आले तर पुरवठा चालू ठेवता येईल.”

“पन्नास काय, दोनशे आणते!”

“थांबा. मंजुरीआधी नावांची यादी सात दिवस दवाखान्याच्या दारावर लावायची. पतीच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या हरकती मागवण्यासाठी. कुणी हरकत घेतली तर तो अर्ज बाद.”

“आणि दवंडी? ती कधी पिटायची?”

“दवंडीची तरतूद नाही,” तपासनीस प्रामाणिकपणे म्हणाला.

बाई नमुना ‘ज’चा गठ्ठा घेऊन घरोघर हिंडल्या. दुपारच्या उन्हात, बारा दिवस, चाळीस घरं. बायकांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, हात हातात घेतले. सही कुणी दिली नाही. एकीने तर अर्ज बघूनच दार लावून घेतलं. चाळीस घरं आणि सह्या शून्य. हे शून्य मात्र खरं होतं.

सगळ्यात शेवटी त्या इस्त्रीवालीकडे गेल्या. पुढच्या खोलीत कपड्यांचे ढीग, वाफ, आणि कोपऱ्यात स्टुलावर हवालदारीण बसलेली, फाटक्या चादरी उसवत. बाईंनी सुनेला इस्त्रीच्या टेबलाआड घेतलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. इस्त्रीवालीचा हात इस्त्रीवरच थबकला.

“बाई, दारावर नाव लागणार?”

“सात दिवस.”

“मग नको. सही केली तर गोळी मिळेल, पण घर राहायचं नाही. आणि नाही केली तर...” तिने कोपऱ्याकडे पाहिलं. “चौथ्याच्या वेळचं मला अजून स्वप्नात येतं. मला जगायचंय हो, बाई. पण अशी दारावर टांगून नको.”

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कानाशी सनई वाजवली तरी ऐकू न येणारी ती म्हातारी एकदम खेकसली, “शर्ट जळतोय!” आणि खरंच जळत होता.

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. पेंटर म्हणाला, “अगं, मी करू का सह्या? पन्नास वेगवेगळ्या वळणांत काढून देतो. मोडी, तिरपी, थरथरती, म्हणशील तशी.”

“नको,” बाई म्हणाल्या. “खोटं लिहूनच तर इथवर आलोय.” मग त्यांनी एक अर्ज घेतला आणि स्वतःच्या नावाने भरला. वय वर्षं सत्तावन्न. एक तर एक.

पंधराव्या दिवशी तपासनीस डबा-पेन घेऊन आला. टेबलावर बाईंचा एकुलता एक अर्ज होता. त्याने तो वाचला, बाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

“बाई, तुम्ही?”

“स्वेच्छेने,” बाई म्हणाल्या. तेवढ्यात बाहेर काठ्यांचा आवाज आला.

व्हरांड्यात म्हाताऱ्या उभ्या होत्या. पाच-दहा नव्हे, सगळा व्हरांडा आणि खाली पायऱ्यांपर्यंत. कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी भिंतीला धरत. सगळ्यांच्या पुढे हवालदारीण. हरकत घ्यायला आल्या सगळ्या, असंच वाटलं बाईंना.

हवालदारणीने खिडकीवर काठी आपटली. “बाई, माझं डोकं दुखतंय. महिन्याचं.”

बाईंनी आधी तिच्याकडे, मग तिच्यामागच्या गर्दीकडे पाहिलं.

“बघता काय? बारा दिवस घरोघर हिंडवलात तो कागद काढा. ज का झ, जो असेल तो. अंगठा कुठे करायचा?”

“आजी, तुम्हाला... तुम्हाला कळलं होतं?”

“मी बहिरी आहे, बावळट नाही. नऊ वर्षं सुनेचं डोकं दुखतंय आणि एकदा कपाळाला हात लावला नाही तिने! दर महिन्याला मीच आठवण करायचे, जा गं, डोकं दुखत असेल तुझं. ती आपली माझ्याच भीतीने पाकीट पिठाच्या डब्यात लपवायची.” मग म्हातारी पुढे झुकली. “मला ठाऊक होतं, हे तिला सांगू नका. धाक गेला तर घरात माझं उरतं काय?”

तपासनीस उठून खिडकीशी आला. “आजीबाई, हा अर्ज कशाचा आहे, ठाऊक आहे ना?”

“तुला ठाऊक आहे का? तुला किती झाली?”

“एक,” तपासनीस म्हणाला.

“मला नऊ. पाच आहेत. जीप फिरायची तेव्हा आम्ही खाटेखाली लपायचो, गुरं न्यावी तसं न्यायचे. तेव्हा सात होती. पुढे जीप गेली, मग जिवाचा धडा करून आपणहून इथे आले. तर तुम्ही लोक भिंतीला चुना लावत होता. कपाट रिकामं. त्यानंतरची दोन. त्यातलं धाकटं माझ्या मांडीवरच...” तिने काठी अर्जाकडे केली. “लिही. मागणी एक. पन्नास वर्षांत एकदा तरी लिही कुणीतरी.”

तपासनीसाने नमुना ‘ज’ उलटसुलट करून पाहिला. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, मुलांची संख्या, सही. त्याने तो उजेडात धरला, मागची बाजू पाहिली, नियमावली काढून पाच पानं वाचली.

“वयाचा रकाना नाही,” तो शेवटी म्हणाला. आणि बाईंनी शपथेवर सांगावं, तो हसला.

दुपारपर्यंत त्रेसष्ट अर्ज भरले. मुलांच्या रकान्यात सहा, आठ, अकरा, सात. एका म्हातारीला आकडा आठवेना, ती बोटांवर नावं घेत बसली. नवऱ्याच्या रकान्यापुढे बहुतेक ठिकाणी बाईंना ‘कैलासवासी’ लिहावं लागलं. यादी दारावर सात दिवस लागली. हरकत एकही आली नाही. हरकत घ्यायला कुणी उरलेलंच नव्हतं, आणि जे दोन-तीन म्हातारे उरले होते ते यादी वाचून घरी गेले आणि बायकोच्या वाटेला न जाता गुमान बसले.

पण ते पुढचं. त्या दिवशी अर्ज संपल्यावर तपासनीसाने आणखी एक नियम काढला, की मागणीनोंदीसोबत पहिलं पाकीट अर्जदाराच्या हातात पडलंच पाहिजे. बाईंनी कपाट उघडलं, परवाच आलेलं, वर्षअखेरचं शेवटचं खोकं फोडलं. हवालदारीण पहिली होती. बाईंनी या वेळी साध्या पाकिटात घातलं नाही, वेष्टण काढलं नाही. जसं होतं तसं तिच्या हातावर ठेवलं.

म्हातारीने ते उघडलं. चंदेरी पट्टी बाहेर काढली. एक गोळी तिने अंगठ्याने हळूच बाहेर ढकलली आणि तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात नेली. मोहरीपेक्षा थोडी मोठी.

“एवढीशीच असते होय?”

“एवढीशीच,” बाई म्हणाल्या.

हवालदारणीने गोळी बोटाने तळहातावर फिरवून पाहिली.

“मला आपलं वाटायचं,” ती म्हणाली, “काहीतरी मोठं, महागडं असेल. म्हणून सरकारला परवडत नसेल.”